गव्हर्नरची प्रायमरी कोण मारणार? रिपब्लिकन राज्यांतल्या आडाख्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला राहतो. प्रायमरीचा हंगाम आला की तेच तेच प्रश्न येतात. काही इथल्या मराठी मित्रांकडून, काही साताऱ्याच्या काकांकडून. काकांना अमेरिकेच्या राजकारणाचा छंद माझ्याहून जास्त. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं. विषय एवढाच: जिथे रिपब्लिकन पक्षाचा वरचष्मा आहे अशा राज्यांत गव्हर्नरपदाचा (म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारख्या, निवडून येणाऱ्या पदाचा) उमेदवार ठरताना कोणाचं पारडं जड आहे ते कसं ओळखायचं. उदाहरणं सगळी होऊन गेलेल्या निवडणुकांची आहेत, कारण त्यांचे निकाल आपल्या हातात आहेत.

१. प्रायमरी म्हणजे नक्की काय? पक्ष तिकीट देत नाही का?

नाही. आपल्याकडे तिकीट मिळालं की नाही हे एबी फॉर्म हातात पडेपर्यंत कळत नाही, आणि तो फॉर्म वरून येतो. इथे वरून काहीच येत नाही. ज्याला उमेदवारी हवी तो फी भरून किंवा सह्या गोळा करून अर्ज भरतो आणि पक्षाचे सामान्य मतदार सरकारी मतदान केंद्रावर जाऊन त्यांच्यातला एक निवडतात. ती प्रायमरी. तिथे जिंकलेला नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाच्या उमेदवाराशी लढतो. पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाला एखादा उमेदवार अजिबात नको असला तरी त्याला रोखण्याचं साधन जवळजवळ नसतं. थोडा अपवाद युटाचा, तो प्रश्न १२ मध्ये.

२. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. मला मत देता येतं का? आणि पक्षात नाव नोंदवावं लागतं का?

ग्रीन कार्डवर मत देता येत नाही. कोणी हातात नोंदणीचा फॉर्म दिला तरी भरू नका. नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे आणि पुढे देश सोडायची वेळ येऊ शकते.

पक्षाची नोंदणी राज्यावर अवलंबून. जॉर्जियात ती भानगडच नाही. प्रायमरीला गेलात की टेबलामागचा माणूस विचारतो, कुठली मतपत्रिका देऊ, रिपब्लिकन की डेमोक्रॅटिक? मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मागे रांग होती, पुढे शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका बसलेल्या, आणि त्यांनी हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला. मतदान गुप्त असतं हे शाळेत शिकलेलं. पक्ष मात्र असा चारचौघांत सांगावा लागतो. बाहेर पडताना जॉर्जियाच्या पीच फळाचं चित्र असलेला स्टिकर मिळतो, तो शर्टावर लावून फिरायचं. केंटकीत उलटं. तिथे आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत पक्ष बदलून घेतला नसेल, तर पुढच्या मे महिन्यात दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत नाही. दुसऱ्या पक्षाचे मतदार घुसतात का, ते प्रश्न १० मध्ये.

३. आडाखा बांधताना सगळ्यात आधी काय बघायचं?

नियम. उमेदवारांची नावं नंतर. बहुतेक लोक उलटं करतात.

पहिला नियम: जिंकायला ५० टक्के लागतात की नुसतं सगळ्यांत पुढे असलं की भागतं? जॉर्जिया, टेक्सस, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना, ओक्लाहोमा, आर्कान्सा या राज्यांत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक होते. तिला रनऑफ म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनात ३० टक्क्यांच्या वर गेलं की पुरे. साउथ डकोटात गव्हर्नरपदासाठी ३५ टक्के लागतात. टेनेसी, कॅन्सस, नेब्रास्का, केंटकी, फ्लोरिडा इथे ज्याला एक मत जास्त, तो उमेदवार.

यावर अख्खं गणित फिरतं. रनऑफ नसलेल्या राज्यात पाच जण उभे असतील तर तीस टक्क्यांवरही माणूस जिंकतो. त्याला ठाम पाठीराखे हवेत, बाकीच्यांना तो आवडतो की नाही याला किंमत नाही. रनऑफच्या राज्यात पहिल्या फेरीत पुढे असणं ही निम्मीच गोष्ट. तिथे विचारायचं ते हे, की हरलेल्यांची मतं कुठे जातील? ओक्लाहोमात २०१८ साली ओक्लाहोमा सिटीचा माजी महापौर मिक कॉर्नेट पहिल्या फेरीत २९ टक्क्यांनी पुढे होता. केव्हिन स्टिट २४ टक्क्यांवर, आणि तिसरा टॉड लॅम्ब त्याच्या अगदी पाठीला पाठ लावून. रनऑफमध्ये स्टिट जवळपास ५५ टक्के घेऊन गेला. शहरी महापौराला शहराबाहेर नवी मतं मिळालीच नाहीत.

४. प्रायमरीला मतदान करतं तरी कोण?

थोडे लोक. जॉर्जियात मे २०१८ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत गव्हर्नरसाठी सहा लाखांच्या थोडी वर मतं पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच पदासाठी दोन्ही पक्षांची मिळून एकोणचाळीस लाखांच्या वर. म्हणजे टीव्हीवर 'जॉर्जियाच्या जनतेला काय वाटतं' अशी चर्चा चालते तेव्हा ती जनता प्रायमरीत फिरकतच नाही. फिरकतो तो वयाने मोठा, बहुधा गोरा, चर्चला नेमाने जाणारा आणि बातम्या रोज बघणारा मतदार. ऑफिसातल्या मित्रांच्या मतांवरून अंदाज बांधू नका. आपले मित्र तिथे नसतात.

५. सगळेच उमेदवार बंदुकीच्या बाजूने, गर्भपाताच्या विरोधात, कर कमी करणारे. मग मतदार निवडतो कशावरून?

नेमका प्रश्न. धोरणांत फरक नसला की लढत स्वभावावर जाते. कोण आपल्यासाठी भांडेल? कोण आपल्यातला वाटतो? कोण सत्तेत फार वर्षं बसून मुरलाय?

२०१८ च्या जॉर्जियात लेफ्टनंट गव्हर्नर (गव्हर्नरच्या खालोखालचं पद) केसी कॅगलने फेब्रुवारीतच चाल खेळली. डेल्टा विमान कंपनीने रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या सभासदांची सवलत बंद केली, तेव्हा कंपनीला इंधनावर मिळणारी करमाफी अडवू अशी जाहीर धमकी त्याने दिली, आणि विधिमंडळाने ती माफी खरंच वगळली. राज्यात सगळ्यात जास्त नोकऱ्या देणाऱ्या खासगी कंपन्यांपैकी एकीशी पंगा! एरवीच्या जगात हे वेडेपण, प्रायमरीत हुशारी. पण ब्रायन केम्पने त्यावर कडी केली. एका जाहिरातीत मुलीशी ओळख वाढवायला आलेल्या पोराशेजारी तो शॉटगन घेऊन बसलेला, दुसरीत त्याचा मोठा पिकअप ट्रक आणि बेकायदा स्थलांतरित गुन्हेगारांना स्वतः उचलून नेण्याची भाषा. शहरात लोक हसले. त्या हसण्याची बातमी झाली आणि जाहिरात फुकटात राज्यभर पोचली.

६. ट्रम्पचा पाठिंबा मिळाला की खेळ संपला ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि लोकांना एका शब्दात उत्तर हवं असतं. तसं ते नाही. एकाच माणसाच्या दोन निवडणुका बघा.

१८ जुलै २०१८, रनऑफला सहा दिवस उरलेले. ट्रम्पने केम्पला पाठिंबा दिला. केम्प ६९ टक्के घेऊन जिंकला. कॅगलमागे मावळते गव्हर्नर नेथन डील उभे होते, त्यांची राज्यात चांगली लोकप्रियता होती, पण तिचा उपयोग झाला नाही.

२४ मे २०२२. आता केम्प स्वतः गव्हर्नर. २०२० चा राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल उलटवायला मदत केली नाही म्हणून ट्रम्पचा त्याच्यावर राग. माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यूला ट्रम्पने त्याच्याविरुद्ध उभं केलं. मतदानाच्या आदल्या दिवशी माइक पेन्स केम्पच्या सभेला आले, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष एका बाजूला आणि त्यांचेच उपराष्ट्राध्यक्ष दुसऱ्या. निकाल: केम्प ७३.७ टक्के, पर्ड्यू २१.८.

चार वर्षांत काय बदललं? ट्रम्पची लोकप्रियता पक्षात तशीच होती. पण केम्पकडे आता दाखवायला काम होतं: मतदानाचा कडक कायदा, परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याचा कायदा, पेट्रोलवरचा राज्याचा कर स्थगित. मतदाराच्या सगळ्या मागण्या आधीच पुरवलेल्या, मग त्याला बदलायचं कशासाठी? पर्ड्यूकडे सांगायला २०२० ची तक्रार सोडून फार काही नव्हतं.

त्याच महिन्यात आयडाहोत ट्रम्पचा पाठिंबा असलेली लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅकगीचन ३२ टक्क्यांवर थांबली आणि गव्हर्नर ब्रॅड लिटल ५३ घेऊन बसला. नेब्रास्कात मावळते गव्हर्नर पीट रिकेट्स जिम पिलनच्या पाठीशी, ट्रम्प चार्ल्स हर्बस्टरच्या. पिलन सुमारे चार टक्क्यांनी जिंकला. उलट २०१८ च्या फ्लोरिडात अ‍ॅडम पुटनम वर्षानुवर्षं तयारी करून बसलेला, आणि ट्रम्पच्या जोरावर रॉन डीसँटिसने त्याला वीस टक्क्यांनी मागे टाकलं.

माझा आडाखा असा: जागा रिकामी असेल, समोरचा 'जुना गडी' असेल आणि मतदार आधीच झुकलेला असेल, तर हा पाठिंबा म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का. बसलेल्या आणि मतदाराला खूष ठेवलेल्या गव्हर्नरविरुद्ध तो चढावरचा धक्का.

७. पण कॅगल तर पहिल्या फेरीत १३ टक्क्यांनी पुढे होता. तो इतका कसा आपटला?

हे मला चांगलं आठवतं, कारण मी साडूंशी पैज लावून हरलो आणि आठ जणांना बासुंदी खाऊ घातली.

२२ मे २०१८ ला कॅगल ३९ टक्के, केम्प साडेपंचवीस, हंटर हिल अठरा, क्ले टिपिन्स बारा, मायकल विल्यम्स पाच. मी म्हटलं, अकराच टक्के हवेत, कॅगलकडे पैसा आहे, अकरा वर्षं पदावर आहे, मिळतील. चुकलो ते इथेच. कॅगल म्हणजे प्रस्थापित. त्याला सगळं राज्य ओळखत होतं आणि तरीही ६१ टक्क्यांनी त्याला मत दिलं नव्हतं. ती ६१ टक्के मतं 'अजून ठरलं नाही' अशी नव्हती. ती 'कॅगल नको' अशी होती. केम्पही दोन मुदती सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम बघणारा अधिकारी) होता, पण कॅगलशेजारी तो नवखा दिसत होता.

मग जूनमध्ये ध्वनिफीत बाहेर आली. हरलेला टिपिन्स कॅगलला भेटायला गेला तेव्हा खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. शाळांसंबंधीचं एक विधेयक वाईट आहे हे माहीत असूनही, प्रतिस्पर्धी हिलला एका गटाचा पैसा मिळू नये म्हणून आपण ते पुढे रेटलं, असं कॅगल त्यात बोलला. पुढे आणखी एक तुकडा आला: ही प्रायमरी म्हणजे कोणाची बंदूक मोठी, कोणाचा ट्रक मोठा आणि कोण जास्त वेडा याची स्पर्धा आहे, असा त्याचा सूर. खरंच बोलला होता हो. पण ज्या मतदारांकडे मत मागायचं, त्यांची चेष्टा करताना सापडला.

शिवाय तेव्हा दोन फेऱ्यांमध्ये नऊ आठवडे होते. वाईट बातमी मुरायला भरपूर वेळ. २०२१ च्या कायद्याने हे अंतर चार आठवड्यांवर आलं, त्यामुळे आता अशा फितीला एवढा पल्ला मिळणार नाही.

तेव्हापासून रनऑफच्या राज्यात मी आघाडीवाल्याचा आकडा बघत नाही, तो शंभरातून वजा करून बघतो.

८. जनमत चाचण्यांवर किती भरवसा ठेवायचा?

प्रायमरीत कमी. नोव्हेंबरच्या लढतीत मतदार पक्षाला चिकटून असतो. प्रायमरीत सगळे एकाच पक्षाचे, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातही मन बदलायला काही लागत नाही. आणि मतदानाला कोण येणार हे चाचणीवाल्यालाही नक्की माहीत नसतं. केम्प-कॅगल रनऑफच्या शेवटच्या चाचण्यांत केम्प पुढे होता, पण ३९ टक्क्यांचं अंतर कोणाच्याही चाचणीत नव्हतं. मी चाचणीत एकच बघतो: आधीच्या महिन्यापेक्षा कोण वर चढतोय. पैजांच्या बाजारांचे भावही लोक पाठवतात. फलोदीच्या सट्टाबाजाराला जेवढं महत्त्व द्याल तेवढंच त्यांना द्या.

९. स्वतःचा पैसा ओतणारा उद्योगपती जिंकतो का?

कधी कधी. पैसा ओळख विकत घेतो, मत नाही. याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपलंच आहे, जरी राज्य आणि पक्ष वेगळा. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत गव्हर्नरपदासाठी उतरले. स्वतःचे जवळपास एक कोटी डॉलर घातले. टीव्हीवर लवकर दिसल्यामुळे सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवर होते. बाकीच्यांच्या जाहिराती सुरू झाल्या आणि शेवटी ते तिसरे आले, १८ टक्क्यांच्या आसपास. पुढे ते डेट्रॉइटमधून काँग्रेसवर गेले, ती वेगळी गोष्ट.

रिपब्लिकन बाजूला रिक स्कॉटने २०१० मध्ये फ्लोरिडात असाच पैसा ओतून प्रायमरी तीन टक्क्यांनी मारली. टेनेसीत रँडी बॉइडने ओतला आणि हरला. लवकर आलेली आघाडी पैशाची असेल, तर समोरच्याच्या जाहिराती सुरू होईपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवू नका.

१०. डेमोक्रॅट मतदार रिपब्लिकन प्रायमरीत घुसून निकाल फिरवतात का?

घुसतात, पण थोडेच, आणि त्यांचा परिणामही थोडाच. जॉर्जियात मे महिन्यात डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेतलेल्याला रिपब्लिकन रनऑफमध्ये मत देता येत नाही. पहिल्या फेरीला घरीच बसलेल्याला मात्र कोणत्याही पक्षाच्या रनऑफला जाता येतं. नेब्रास्कात २०२२ साली काही डेमोक्रॅट मतदारांनी पक्षनोंदणी बदलून मवाळ ब्रेट लिंडस्ट्रॉमला साथ दिली. तो तरी २६ टक्क्यांवर तिसराच राहिला.

मतदारांपेक्षा पैशाची घुसखोरी जास्त परिणाम करते. अलाबामात २०१० मध्ये शिक्षक संघटनेशी जोडलेल्या पैशातून ब्रॅडली बर्नविरुद्ध जाहिराती झाल्या. संघटनेचं त्याच्याशी जुनं वैर. बर्न पहिला आला, पण २८ टक्क्यांवरच. दुसऱ्या जागेसाठी टस्कलूसाचे त्वचारोगतज्ज्ञ रॉबर्ट बेंटली यांनी टिम जेम्सला दोनशेच्या आसपास मतांनी मागे टाकलं, आणि रनऑफमध्ये बर्नला हरवून ५६ टक्क्यांनी उमेदवारी घेतली. ती दोनशे मतं इकडची तिकडे झाली असती तर बेंटली घरी.

११. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ खरंच होतो का?

रनऑफ नसलेल्या राज्यात हमखास तपासून बघा. केंटकी, २०१५: जेम्स कोमर आणि हॅल हाइनर यांची अशी जुंपली की मॅट बेव्हिनने जाहिरातीत दोघांना जेवणाच्या टेबलावर एकमेकांना अन्न फेकून मारणाऱ्या पोरांसारखं दाखवलं. बेव्हिन ८३ मतांनी जिंकला. राज्यभरात ८३, आमच्या गणेशोत्सवात आरतीला याहून जास्त लोक असतात. टेनेसी, २०१८: पेन्सचा पाठिंबा असलेल्या डायान ब्लॅक आणि बॉइड एकमेकांवर चिखल फेकत राहिले, आणि ट्रॅक्टरवरून गावं फिरणारा बिल ली ३७ टक्के घेऊन निघून गेला. ली, ब्लॅक आणि बेथ हारवेल तिघंही मध्य टेनेसीचे. तिथली मतं फुटतील आणि पूर्वेच्या बॉइडचं फावेल, असं गणित कागदावर सुरेख दिसत होतं. कागदावरच राहिलं.

१२. हरलेला बंडखोरी करून अपक्ष उभा राहत नाही का?

बहुतेक राज्यांत कायदाच आडवा येतो: प्रायमरी हरलेल्याचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर येत नाही. उरते ती वाट, म्हणजे मतदाराने नाव हाताने लिहायचं. युटात २०२४ साली तसं झालं. तिथे पक्षाचं अधिवेशन आधी कौल देतं, पण सह्या गोळा करूनही प्रायमरीत उतरता येतं. अधिवेशनात फिल लायमनने गव्हर्नर स्पेन्सर कॉक्सवर दणदणीत विजय मिळवला. सह्यांच्या वाटेने आलेला कॉक्स प्रायमरी ५४ विरुद्ध ४६ ने जिंकला, आणि लायमन नोव्हेंबरमध्ये हाताने लिहायचं नाव म्हणून पुन्हा उभा राहिला. हरला. अधिवेशनातले कार्यकर्ते आणि प्रायमरीचे मतदार या दोन वेगळ्या जाती आहेत.

१३. कॉन्झर्व्हेटिव्ह राज्यात प्रायमरी जिंकली म्हणजे गव्हर्नर झालाच ना?

बहुधा. पण 'बहुधा'वर पैज लावू नका. २०१८ मध्ये कॅन्ससमध्ये प्रायमरी जिंकलेला क्रिस कोबाच नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट लॉरा केलीकडून पाच टक्क्यांनी हरला, आणि केली २०२२ मध्ये पुन्हा निवडून आली. केंटकीत बेव्हिन २०१५ ला गव्हर्नर झाला, पण २०१९ मध्ये अँडी बशीरने त्याला पाचेक हजार मतांनी घालवलं. प्रायमरीच्या मतदाराला जे तिखट आवडतं ते बाकीच्या राज्याला सोसेलच असं नाही.

१४. उमेदवारच निवडणूक यंत्रणेचा प्रमुख असेल तर? असं चालतं?

चाललंय. बऱ्याच राज्यांत निवडणुकांचं काम सेक्रेटरी ऑफ स्टेट बघतो, तो स्वतः निवडून आलेला पक्षाचा माणूस असतो, आणि त्याला गव्हर्नर व्हायचं असतं.

कॅन्ससमध्ये कोबाच हाच तो अधिकारी. ७ ऑगस्ट २०१८ च्या प्रायमरीत समोर गव्हर्नर जेफ कोलियर. आधीचा गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक जानेवारीत राजदूत व्हायला निघून गेल्याने कोलियरला खुर्ची मिळालेली. मतदानाच्या आदल्या दिवशी ट्रम्पचा पाठिंबा कोबाचला. कॅन्सस सिटीच्या उपनगरांच्या जॉन्सन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नवी यंत्रं रखडली आणि आकडे सकाळी आले. कोबाच १९१ मतांनी पुढे. दोन दिवसांनी टॉमस काउंटीत लक्षात आलं की कोलियरची ५२२ मतं राज्याच्या संकेतस्थळावर ४२२ लागली आहेत. आघाडी एकदम ९१ वर. फेरमोजणीची वेळ आली तर तिच्यावर देखरेख कोणाची, तर कोबाचच्याच खात्याची! टीका वाढल्यावर त्याने अंग काढून घेतलं आणि काम सहाय्यकाकडे दिलं. पोस्टाची आणि तात्पुरती म्हणून बाजूला ठेवलेली मतं मोजल्यावर अंतर ३४३ झालं. आठवडाभरात कोलियरने हार मान्य केली, फेरमोजणी मागितली नाही.

केम्पने अंग काढून घेतलं नाही. प्रायमरी, रनऑफ आणि नोव्हेंबर, तिन्ही वेळी जॉर्जियाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट तोच होता. राजीनामा दिला तो ८ नोव्हेंबर २०१८ ला, मतदान होऊन दोन दिवस झाल्यावर.